काचेबाहेरची आई

या अंकाचं संपादकीय मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा बाजूला ठेवलं. विषय तान्ह्या बाळांच्या मरणाचा आहे. आपल्या बैठकांत आपण बाळं वाचवण्याविषयी बोलतो, आणि ते बोलत राहायलाच हवं. पण जे बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांना कळून चुकलं आहे, त्याचे उरलेले तास कसे जावेत, आणि त्या तासांत त्याची आई कुठे असावी, हा प्रश्न आपल्या कुठल्याही ठरावात मला सापडला नाही. तो माझ्यापुढे एका बाईने आणून ठेवला.

ती देवरी तालुक्यातल्या एका गावची. वय बावीस. धानाच्या रोवणीचे दिवस होते. बांधीत वाकून रोप लावताना तिला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. आशाताईंनी गाडी बोलावली. पहिल्या दवाखान्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. असं करत ती एका मोठ्या रुग्णालयात पोचली. मुलगी झाली. वजन आठशे ग्रॅम. बाळाला लगेच काचेत ठेवलं. बाळ खाली आणि आई वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणींच्या वॉर्डात. चार दिवसांत तिने आपली मुलगी एकदाच पाहिली, तीही दाराच्या काचेतून. नळ्यांमुळे चेहरा दिसला नाही. तिसऱ्या रात्री डॉक्टरांनी नवऱ्याला बोलावून सांगितलं की आता आशा नाही. एका कागदावर त्याची सही घेतली. तो सातवीपर्यंत शिकलेला. कागद इंग्रजीत होता. बायकोला सांगू नका, ओली बाळंतीण आहे, धसका घेईल, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. सकाळी तिच्या हातात गुंडाळलेलं गाठोडं आलं.

दीड महिन्याने बचत गटाच्या बैठकीनंतर ती माझ्याजवळ येऊन बसली. बाकीच्या बाया उठून गेल्यावर म्हणाली, “ताई, मायी पोरगी रडत होती का वो? तिच्याजवळ कोनी होतं का?”

मी समाजकार्यात एम.ए.च्या तोडीचं शिक्षण घेतलं आहे. शोकात असलेल्या माणसाशी कसं बोलावं यावर परीक्षेत पानं भरून लिहिलं आहे. त्या दिवशी मला एक वाक्य सुचलं नाही. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, रागही नव्हता. बाळ का गेलं हेसुद्धा तिने विचारलं नाही. आठशे ग्रॅमचं लेकरू टिकणं अवघड असतं हे तिला समजलं होतं. ती एवढंच विचारत होती की माझी मुलगी एकटी मेली का.

त्या रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. एकाच दवाखान्याला दोष देऊन हा प्रश्न संपणारा नाही. हेच दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या तालुक्याच्या, अगदी खाजगी दवाखान्यात हजारो रुपये भरलेल्या बायांकडूनही मी ऐकलं आहे.

हे असं का झालं ते समजून घ्यायचं तर तीस वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा आपल्या भागातली बाळं घरी जन्मत आणि घरीच मरत. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरोघर जाऊन नोंद ठेवली. जवळजवळ निम्म्या बाळांना जिवाला धोका असलेला आजार झाला होता. पण डॉक्टरने पाहिलेली बाळं शंभरात तीनसुद्धा नव्हती. दवाखान्यात दाखल झालेली हजारात चार. हजार जिवंत जन्मांमागे ५२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. पुढे याच गावांत शिकवून तयार केलेल्या गावातल्याच बायांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली आणि हे मरण निम्म्याहून खाली आलं. आज प्रत्येक गावात आशाताई बाळाला पाहायला येतात, त्यामागे त्या बायांचं काम आहे.

त्यानंतर बाळंतपण दवाखान्यात गेलं. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली ४४ बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती ९५ च्या घरात गेली. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. गाडी, औषध, जेवण, तपासण्या फुकट झाल्या. जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात बाळांचे विशेष कक्ष उभे राहिले. २०२० साली महाराष्ट्रात पहिल्या महिन्यात जाणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ११ वर आलं. हे सगळं आपण मागितलं होतं. त्यासाठी मोर्चे काढले, निवेदनं दिली. ते मिळालं याचा आनंदच आहे.

पण या बदलाबरोबर बाळाचं मरणही घरातून दवाखान्यात गेलं, हे आपल्या लक्षात आलं नाही. पूर्वी बाळ औषधाविना मरत होतं, पण आईच्या मांडीवर मरत होतं. आजी पायाशी बसलेली असे, सुईण पदराने वारा घालत असे. आज बाळाला औषध मिळतं, ऑक्सिजन मिळतो, आणि नेमक्या त्याच वेळी आई दाराबाहेर पडते. मला जुने दिवस परत नको आहेत. औषध हवं आणि मांडीही हवी. या दोन्ही गोष्टी एकाच खोलीत का मावत नाहीत, एवढाच माझा सवाल आहे.

काचेच्या आतलं बाळ आणि बाहेरची आई हे चित्र आपल्या भागाने फार भयानक रीतीने पाहिलं आहे. गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा होईपर्यंत आपण भंडाऱ्याचेच होतो. त्या भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. सातांना बाहेर काढता आलं, दहा गेली. ती बाळं जगण्यासाठी तिथे ठेवलेली होती. त्यांच्या मरणाचा प्रश्न सुरक्षेचा आणि जबाबदारीचा आहे आणि तो वेगळाच विचारला पाहिजे. पुढे परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला, तेव्हा वायरिंग आणि यंत्रांची जबाबदारी कुणाची हा प्रश्नही आपण विचारला पाहिजे. पण त्या रात्रीने एक गोष्ट उघडी केली. तान्ह्या बाळांच्या खोलीत त्यांच्या आया नसतात. तशी त्या खोलीची रचनाच नसते.

आता ‘पॅलिएटिव्ह केअर’ या शब्दाकडे येते. मराठीत त्याला उपशामक सेवा किंवा परिहार सेवा म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर आजार बरा होणार नसेल तेव्हाही माणसाचं दुःख हलकं करण्याची सेवा. कॅन्सरच्या रुग्णांमुळे आपल्याला ती थोडीफार माहीत आहे. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं. केरळने २००८ मध्ये आणि महाराष्ट्राने २०१२ मध्ये या सेवेसाठी राज्याचं धोरण ठरवलं. जव्हारसारख्या आदिवासी भागात मुलांसाठी ही सेवा देण्याचा प्रयत्नही झाला. तरी हा शब्द ऐकला की डोळ्यापुढे येतं ते म्हातारं माणूस. दोन दिवसांचं बाळ येत नाही.

काही बाळांच्या बाबतीत सगळे उपाय करूनही जगण्याची आशा नसते. कुणी फारच अपुऱ्या दिवसांचं असतं. कुणाच्या मेंदूची कवटीच तयार झालेली नसते. कुणी जन्मल्यावर रडलेलं नसतं आणि मेंदूला इतकी इजा झालेली असते की श्वासही यंत्रावर चालतो. अशा बाळासाठी करण्यासारखं काही उरत नाही असं आपण म्हणतो, ते खरं नाही. त्याला ऊब द्यायची असते. सुया टोचणं आणि वारंवार रक्त काढणं थांबवता येतं. दुखत असेल तर दुखणं थांबवणारं औषध वजनाप्रमाणे देता येतं, गरज पडली तर मॉर्फिनसुद्धा. धाप लागत असेल तर ती कमी करता येते. ओठ ओले ठेवता येतात, आईच्या दुधाचा थेंब जिभेवर ठेवता येतो. डोळ्यांवरचा प्रखर दिवा आणि यंत्राची घंटा बंद करता येते. आणि बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवता येतं. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. जागा, वेळ आणि परवानगी लागते.

“एवढ्याशा जिवाला काय कळतंय?” हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. काही काळापूर्वी मोठमोठे डॉक्टरही तेच म्हणत होते. अमेरिकेत १९८५ मध्ये जेफ्री लॉसन नावाच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाची छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. हालचाल थांबवणारं औषध दिलं होतं, वेदना थांबवणारं दिलं नव्हतं. बाळ पाच आठवड्यांनी गेलं. त्याच्या आईला, जिल लॉसनला, ही गोष्ट नंतर कळली. ती गप्प बसली नाही. पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांत गेली. त्याच सुमारास डॉ. कंवलजीत सिंग आनंद या भारतीय डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये अभ्यास करून दाखवून दिलं की तान्ह्या बाळालाही वेदना होतात आणि शस्त्रक्रियेत वेदनाशामक दिलं तर बाळ अधिक चांगलं तरतं. १९८७ नंतर जगातल्या डॉक्टरांना आपली रीत बदलावी लागली. एका आईने विचारलेल्या प्रश्नाला विज्ञानाने साथ दिली तेव्हा हे घडलं. आपल्या देवरीच्या बाईचा प्रश्न मला त्याच जातीचा वाटतो.

आई आत आली तर जंतुसंसर्ग होईल, हे कारण आपल्याला नेहमी दिलं जातं. ते पोकळ नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जंतूंचा धोका असतोच. पण आईला हात धुवायला शिकवणं आणि स्वच्छ झगा देणं हा त्यावरचा उपाय आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी नवजात कक्षात आयांच्या हाती बाळांची काळजी दिली आणि आईच्या दुधावर भर दिला. १९८९ मध्ये त्यांनी तिथे आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. जन्मभर बाळं वाचवण्याचं काम केलेल्या या डॉक्टरांची मुलगी रोमिला कॅन्सरने गेली. त्यानंतर २०१७ मध्ये त्यांनी मुलीच्या नावाने उपशामक सेवेचं केंद्र काढलं. वाचवणं आणि शेवटपर्यंत सोबत करणं ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात नाहीत, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की कळतं.

२०२१ मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एक किलो ते अठराशे ग्रॅमच्या आतल्या तीन हजारांहून जास्त बाळांपैकी अर्ध्यांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीवर ठेवलं; उरलेल्यांना नेहमीप्रमाणे आधी यंत्रात ठेवून, तब्येत स्थिर झाल्यावर आईकडे दिलं. आईजवळ ठेवलेल्या बाळांत पहिल्या महिन्यातले मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी झाले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. भारत सरकारनेही २०१७ मध्येच नवजात कक्षात कुटुंबाला सहभागी करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. म्हणजे आईला आत घेणं ही आता कुणाची मेहेरबानी राहिलेली नाही. सरकारच्या कागदावर ते आहे. मात्र ‘बाळ वाचावं म्हणून आईला आत घ्या’ हे जितक्या जोराने सांगितलं जातं, तितक्या जोराने ‘बाळ वाचणार नसलं तरी आईला आत घ्या’ हे सांगणारं कुणी दिसत नाही.

आता सहीचा प्रश्न. मी आजवर पाहिलेल्या अशा जवळजवळ प्रत्येक प्रसंगात सही नवऱ्याची, सासऱ्याची किंवा दिराची होती. आई त्याच इमारतीत, शुद्धीवर, टाके घातलेली, सज्ञान. तरी तिला कुणी विचारलं नाही. तिच्या भल्यासाठी तिच्यापासून लपवलं, असं सांगतात. निर्णय पुरुषांनी घ्यायचे आणि परिणाम बाईने सोसायचे, ही आपल्या ओळखीची जुनीच रीत इथे दयेचं रूप घेऊन येते.

इथे मला के.ई.एम. रुग्णालयातल्या अरुणा शानभाग यांची आठवण होते. १९७३ च्या अत्याचारानंतर २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षं, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की अरुणाच्या वतीने बोलायचं कुणी. न्यायालयाने म्हटलं, ज्यांनी तिची रोज शुश्रूषा केली त्या के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांनी. उपचार थांबवण्याविषयीचा आपल्या देशातला कायदा त्या खटल्यापासून पुढे सरकला. २०१८ च्या निकालाने माणसाला आपल्या शेवटाविषयी आधी लिहून ठेवण्याचा हक्क मिळाला, २०२३ मध्ये त्याची पद्धत थोडी सोपी झाली. नवजात बाळ काही लिहून ठेवू शकत नाही. त्याच्यासाठी दुसऱ्या कुणाला बोलावं लागतं. शुश्रूषा करणाऱ्याचा शब्द आधी, हा न्याय अरुणाला लागला तर तो नऊ महिने पोटात वाढवणाऱ्या बाईला का लागू नये? बापाचा शब्द मला नको असं नाही. त्या रात्री त्या बापालाही कागद वाचून दाखवणारं कुणी नव्हतं. दोघांना शेजारी बसवून, त्यांच्या बोलीत, एकदा नाही तर दोन-तीनदा सांगावं लागतं.

हे लिहिताना माझ्या मनात एक भीतीही आहे आणि ती तुमच्याही मनात आली असेल. आपल्या चळवळीने गर्भलिंगनिदानाविरुद्ध लढा दिला. त्यातूनच महाराष्ट्रात १९८८ चा कायदा झाला, देशातला पहिला. मुलगी आहे म्हणून उपचार अर्धवट सोडून, ‘सल्ल्याविरुद्ध घरी नेतो’ असं लिहून देऊन बाळ घरी नेलेलं मी स्वतः पाहिलं आहे. उद्या ‘उपशामक सेवा’ हे नाव घेऊन मुलींचे, अपंग बाळांचे, गरिबांच्या बाळांचे उपचार थांबवले गेले तर? व्हेंटिलेटर कमी आहेत म्हणून आदिवासी बाईच्या बाळाला ‘आता आशा नाही’ असं सांगितलं गेलं तर?

ही भीती खरी आहे आणि आपण ती सोडता कामा नये. म्हणून रेघ नीट आखली पाहिजे. जे बाळ उपचारांनी जगू शकतं त्याचा उपचार यंत्र नाही, डॉक्टर नाही, गाडी नाही, पैसे नाहीत म्हणून थांबला, तर तो हलगर्जीपणा आहे. त्याला गोड नाव देऊ नये. त्याविरुद्ध आपण भांडतच राहू. बाळ अपंगत्व घेऊन जगेल म्हणून त्याला मरू देणं हीसुद्धा उपशामक सेवा नव्हे. उपशामक सेवेचा निर्णय एका माणसाने, एका रात्रीत, एका सहीवर घ्यायचा नसतो. एकाहून अधिक डॉक्टरांनी पाहावं, कारण लिहून ठेवावं, आईशी बोललं जावं. खरं तर गुपचूप होणारी गोष्टच जास्त धोक्याची. आज बाळ सोडून दिलं जातं ते काचेमागे आणि न बोलता. दार उघडलं, आई आत बसली, कागदावर कारण आलं, तर मुलीला टाकून देणं सोपं होणार नाही, अवघड होईल.

बाळ गेल्यानंतरची कहाणी तर आणखी कोरडी आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाईला पान्हा फुटतो. बाळ नाही हे छातीला कळत नाही. छाती दाटते, ताप येतो, पदर ओला होतो. सासू म्हणते, घट्ट बांध. कुणी सिस्टर येऊन सांगत नाही की थोडं दूध पिळून काढलं, थंड फडकं ठेवलं तर आराम पडतो, जास्त झालं तर औषध आहे. जिथे दुग्धपेढी आहे तिथे ते दूध दुसऱ्या बाळाला देण्याचा पर्याय तिच्यापुढे ठेवता येतो. द्यायचं की नाही हे तिने ठरवावं. बाळंतिणींच्याच वॉर्डात, दोन्ही बाजूंना रडणाऱ्या बाळांच्या मधे तिची खाट तशीच राहते.

मग घरचा रस्ता. देवरी किंवा सालेकसा भागातल्या बाईचं बाळ नागपुरात गेलं, तर ते इवलंसं गाठोडं मांडीवर घेऊन रेल्वेने १३० किलोमीटर आणि पुढे जीप-बसने गाव गाठायचं. कुणी विचारू नये म्हणून ते पिशवीत ठेवून आणलेले आईबाप मला माहीत आहेत. गावात बाळाला पुरायला पुरुष जातात. आई घरात. सुतक थोडक्यात उरकतं, कारण ‘लहान होतं’. नाव ठेवलेलं नसतं. पुष्कळदा नोंदही होत नाही. बाळ काही मिनिटं जरी जिवंत होतं तरी त्याच्या जन्माची आणि मृत्यूची दोन्ही नोंद व्हायला हवी, हे आपल्या गटांतल्या कितीजणींना माहीत आहे? तो कागद म्हणजे ते लेकरू या जगात येऊन गेल्याचा पुरावा असतो.

सरकारची माणसं घरी येतात ती मृत्यूचं कारण शोधायला. २०१४ पासून बालमृत्यूच्या तपासणीची पद्धत ठरलेली आहे. प्रश्न विचारायला हवेतच. पण विचारून झालं की उठून जातात. आशाताईंच्या घरभेटी बाळासाठी असतात, दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा. ही योजना २०११ मध्ये आखली तेव्हा त्यांचे २५० रुपये ज्या अटींना बांधले, त्यांत आई आणि बाळ ४२ दिवसांपर्यंत सुखरूप असणं ही एक अट होती. म्हणजे जिचं बाळ गेलं त्या बाईकडे जाण्यासाठी व्यवस्थेने खानाच ठेवला नव्हता. आशाताई जातात त्या माणुसकीने. टाके तिचेही ओले असतात, अंगावरून तिचंही जातं, वरून ‘हिच्याच पायगुणाने’ हे टोमणे. आणि दोन-तीन महिन्यांत ‘लवकर दुसरं होऊ द्या’.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना बाळ जन्मताच किंवा जन्मल्यावर लगेच दगावल्यास साठ दिवसांची विशेष रजा दिली. चांगलं केलं. दुःखाला दिवस लागतात हे सरकारने मान्य केलं. रोवणी, निंदण, तेंदूपत्ता करणाऱ्या बाईच्या दुःखाला किती दिवस लागतात? आमची ती देवरीची बाई अकराव्या दिवशी बांधीत उभी होती.

परिचारिकांविषयी लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आपण त्यांना कठोर म्हणतो. ज्या रुग्णालयाबद्दल मी लिहिलं, तिथल्या एका सिस्टरशी मी नंतर बोलले. रात्रीच्या पाळीला अठरा बाळांमागे त्या एकट्या असतात. एक बाळ जातं तेव्हा दुसऱ्याची सलाईन संपलेली असते. त्या म्हणाल्या, “मॅडम, मरणाऱ्या बाळाजवळ बसावंसं मला वाटत नाही का? पण उरलेल्या सतरांना कोण पाहील?” त्यांना त्या आठशे ग्रॅमच्या मुलीची आठवण आहे का, असं मी विचारलं. बराच वेळ विचार करून त्यांनी नाही म्हटलं. त्यांचे डोळे भरले. आईला आत घेणं ही म्हणूनच त्यांचीही गरज आहे. सिस्टरला जे करता येत नाही ते आई करते. ती बसून राहते.

मैत्रिणींनो, आपल्या गटांनी या मागण्या आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात लावून धराव्यात असं मला वाटतं:

१. नवजात बाळांच्या प्रत्येक कक्षात आईला दिवसरात्र प्रवेश असावा. २०१७ च्या सूचनांची प्रत आपण स्वतः घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांना भेटावं.

२. बाळाची खरी स्थिती आईला तिच्या बोलीत सांगितली जावी, मग ती मराठी असो, गोंडी, पोवारी वा छत्तीसगढी. कोणताही कागद वाचून, समजावून सांगितल्याशिवाय सही नको, आणि आईला वगळून सही नको.

३. बाळ वाचणार नाही असं ठरलं तर त्याचं दुखणं थांबवण्याचे उपचार मिळावेत. आईच्या कुशीत राहण्यासाठी पडदा लावलेला एक कोपरा आणि एक खुर्ची असावी.

४. बाळ गेलेल्या बाईला वेगळी खाट, दूध दाटण्यावर उपचार, मृतदेह घरी नेण्यासाठी गाडी आणि नोंदणीचे कागद रुग्णालयातूनच मिळावेत.

५. आशाताईंना बाळ गेलेल्या आईच्या घरभेटींचा पूर्ण मोबदला मिळावा आणि तिच्याशी कसं बोलावं याचं शिक्षण मिळावं.

६. नवजात कक्षात परिचारिकांची संख्या बाळांच्या प्रमाणात असावी.

आणि एक काम मागण्यांच्या बाहेरचं, आपलं आपल्यालाच करता येण्यासारखं. आपल्या बैठकीत येणाऱ्या प्रत्येक बाईला किती मुलं आहेत हे आपण विचारतो. किती झाली आणि किती राहिली, हेही हळुवारपणे विचारू या. मी विचारायला लागल्यापासून साठीच्या बायाही तीस वर्षांपूर्वीच्या बाळाबद्दल बोलू लागल्या आहेत, जणू कुणीतरी विचारावं म्हणून थांबल्या होत्या.

त्या सिस्टरशी बोलून आल्यावर मी देवरीला गेले. वाटेत मनात आलं, ‘हो, सिस्टर जवळ होत्या, बाळ शांत झोपलं होतं’ असं सांगून टाकावं. तिला बरं वाटलं असतं. पण तिच्यापासून एकदा लपवून झालेलं होतं. मी खरं ते सांगितलं की त्या रात्री एकच सिस्टर होती आणि तिला आठवत नाही. ती जात्याजवळ बसली होती. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “खरं सांगतलं ते बरं केलं ताई. मले आत बसू देलं असतं तं मलेच मालूम रायलं असतं.”

यापेक्षा नेमकी मागणी मला लिहिता येणार नाही. तुमच्या गावचे, तुमच्या दवाखान्यातले अनुभव कळवा. चांगले असतील तर तेही कळवा. आईला आत घेणाऱ्या सिस्टर आणि डॉक्टरही आहेत, त्यांचं कामही सगळ्यांपर्यंत पोचायला हवं. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.

— संपादक मंडळाच्या वतीने